साक्षीची रंगीत तालीम

जेवणं उरकली. दादा खुर्ची मागे सारून उठले, तशी टेबलाभोवतीची सगळी माणसं उठली.

"कुणाची काही तक्रार?"

"नाही," सगळे म्हणाले.

"बसा."

दर रविवारी दुपारी हे असंच चालायचं. दादांचे वडील, अण्णा, तुरुंगाधिकारी होते. बराकीत फेरी मारताना ते कैद्यांना जे विचारायचे तेच घरी येऊन घरच्यांनाही विचारायचे. अण्णा गेले, भिंतीवर त्यांचा फोटो लागला, पण फेरी काही बंद पडली नाही. दादा आता राज्यातल्या सगळ्या तुरुंगांचे प्रमुख होते, त्यामुळे प्रश्नाला उलट वजनच आलं होतं. या घरात आजवर एकच तक्रार झाली होती. थोरली, म्हणजे दादांची बायको, नवी नवरी असताना "न्हाणीघरात पाणी गार येतं" म्हणाली होती. त्यावर अण्णांनी "असं का?" एवढंच विचारलं होतं, पण अशा थंड आवाजात, की ती त्यानंतर वर्षानुवर्षं गार पाण्यानंच आंघोळ करत आली आणि तेच प्रकृतीला मानवतं असं सुनांना, मुलींना सांगत आली.

आजचा रविवार मात्र नेहमीचा नव्हता. उद्या सकाळी चौकशी आयोगापुढे दादांची साक्ष होती. नदीपलीकडच्या जुन्या तुरुंगात वर्षभरात तिसरा कैदी मेला होता. पहिले दोघे मेले तेव्हा वर्तमानपत्रात चार-चार ओळी आल्या आणि गेल्या. तिसरा दुकानांच्या पाट्या रंगवणारा तरुण होता. रस्त्यावरच्या मारामारीत पकडलेला, खटलाही अजून उभा राहिला नव्हता. त्याच्या आईनं त्याच्या पाठीचे फोटो दाखवत सगळं शहर पालथं घातलं, तेव्हा कुठे सरकारला आयोग नेमावा लागला. आणि त्या जुन्या तुरुंगाचा अधीक्षक होता दादांचा सख्खा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटलेला, मिशा पांढऱ्या झालेला, ज्याच्या नुसत्या बुटांच्या आवाजानं बराक चिडीचूप व्हायची असा हा गृहस्थ घरात अजून 'बाळ' होता.

"चला," वकील म्हणाले. वकील म्हणजे दादांचे जावई. "आधी टेबल भिंतीला लावा. आई, ती उंच खुर्ची मला द्या. मी न्यायमूर्ती."

थोरलीनं अण्णांची खुर्ची पुढे केली. जावयाच्या हुशारीवर तिचा इतका विश्वास होता, की ते नुसते शिंकले तरी तिला त्यात मुद्दा दिसायचा.

"बाबा, तुम्ही इथे उभे राहायचं. आई, तुम्ही पत्रकार. काकू, तुमचा आवाज स्वच्छ आहे, तुम्ही समोरच्या पक्षाच्या वकील."

काकू म्हणजे बाळची बायको, धाकटी. ती आकाशवाणीवर बातम्या वाचायची. "आणि हे?" तिनं नवऱ्याकडे मान वळवली.

"काका काकाच. त्यांनी फक्त खाली बघायचं."

"नुसतं खाली?" बाळनं विचारलं.

"खेदानं."

बाळनं लगेच थोडं बघून पाहिलं.

"राहिली मृताची आई," वकील म्हणाले. त्यांची नजर खिडकीजवळ बसलेल्या ताईवर गेली. ताई दोघा भावांहून मोठी. गाऊन प्रवचन सांगणारे कुणी गावात आले की ही पहिल्या रांगेत. वाद्यं नुसती सुरात लावत असतानाच हिचे डोळे भरून यायचे. "आत्या, तुम्ही आई व्हा. तुम्हाला रडायला सहज येतं."

"येतं बाई सहज," ताई म्हणाली. "पण कुणाचं तरी काहीतरी ऐकल्याशिवाय नाही येत."

"ऐकवतो. हं, बाबा, सुरुवात." वकिलांनी घसा खाकरला. "महोदय, या मृत्यूंची जबाबदारी कुणाची?"

दादा ताठ झाले. "खात्याचा प्रमुख या नात्यानं मी संपूर्ण जबाबदारी स्वीकारतो."

"नैतिक!"

"हां. संपूर्ण नैतिक जबाबदारी स्वीकारतो."

"शाब्बास. तो शब्द गाळू नका. नैतिक म्हटलं की राजीनामा मागता येत नाही."

"आणि हा सरकारी बंगला?" थोरलीनं विचारलं.

"बंगला नैतिकात येत नाही, आई."

थोरलीनं सुटकेचा श्वास सोडला. मागच्या अंगणात तिनं लावलेली झाडं आत्ता कुठे फळाला आली होती.

"मग 'संपूर्ण' कशाला?" दादांना शंका आली. "ते जरा जास्त नाही होत?"

"असू द्या. ऐकायला भरीव वाटतं, आणि त्यानं बिघडत काहीच नाही. फक्त एक करा. 'मारले गेले' म्हणू नका. 'मृत्यू ओढवला' म्हणा."

"कुणी ओढवला?" धाकटीनं विचारलं.

"काकू, मृत्यू आपला आपण ओढवतो. पाऊस पडतो तसा."

रोज सकाळी धाकटी स्वतः अशीच वाक्यं वाचत होती. लोक ठार होतात, गोळी सुटते, छत कोसळतं. कोण काय करतं हे त्या बातम्यांमध्ये कधीच नसायचं. तिनं पदर खोचला आणि प्रश्न विचारायला पुढे झाली.

"शांत तुरुंगाची ढाल ही कल्पना कुणाची?"

दादांचा चेहरा उजळला. "माझी. ज्या तुरुंगातून वर्षभरात सर्वांत कमी तक्रारी येतील त्याला ढाल, आणि अधीक्षकाला शाल. योजना सुरू झाली आणि राज्यातल्या तक्रारी निम्म्यावर आल्या."

"ती गेली तीन वर्षं कुठल्या तुरुंगाला मिळाली?"

"जुन्या तुरुंगाला."

"जिथे माणसं मेली तिथे?"

"पण तक्रार एकही नव्हती!" दादा मनापासून दुखावले गेले.

"मेलेल्यांनी तक्रार केली नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"काकू, असं कुणी विचारणार नाही," वकील म्हणाले.

"मी विचारलं ना आत्ता."

"तुम्ही घरच्या आहात. घरची माणसं फार वाईट प्रश्न विचारतात. पुढचा घेऊ." वकिलांचा आवाज एकदम मऊ झाला, आणि तो मऊ झाल्याबरोबर थोरली उगाचच कपबशा गोळा करायला लागली. "महोदय, हे घडलंच कसं? उत्तर काय द्यायचं, बाबा?"

दादांनी अण्णांच्या फोटोकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "स्थानिक पातळीवर पर्यवेक्षणात गंभीर त्रुटी राहिल्या. संबंधितांवर कठोर कारवाई करण्यात येईल."

मग बाळनं हळूच विचारलं, "दादा, ती स्थानिक पातळी म्हणजे मी का?"

खरं तर बाळला हे जेवतानाच कळलं होतं. थोरल्या वहिनीनं आज न मागता त्याला दोनदा वाढलं होतं. लहानपणी दादानं काच फोडली की अण्णा विचारायच्या आधीच बाळ पुढे व्हायचा, आणि दादा संध्याकाळी त्याला खांद्यावर बसवून हिंडवायचा. त्याला तो सौदा कधी महाग वाटला नव्हता.

"तात्पुरतं निलंबन, भाऊजी," थोरली घाईघाईनं म्हणाली. "वातावरण निवळलं की प्रशिक्षण संस्थेत घेतील तुम्हाला. सगळं बोलणं झालंय."

"कुणाशी बोलणं झालंय?" धाकटी उसळली. "आम्ही इथे आज जेवायला आलो की बळी जायला? आणि निलंबनावर थांबणारे का हे? शिपायांवर खुनाचा गुन्हा लागणार, आणि मग त्यांच्या वरचा माणूस कोण?"

"काकू, फार फार तर थोडे दिवस आत—"

"आत?" बाळनं मान वर केली. "म्हणजे तुरुंगात?"

"ती वेळ येणार नाही. आणि आलीच तर," दादा भावाच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाले, "मी आहे ना. चांगल्या ठिकाणी ठेवू तुला."

"चांगलं कुठलं, दादा?"

दादांनी तोंड उघडलं. नदीपलीकडचा नाही. डोंगराकडचा? तिथे गेल्या पावसाळ्यात आजार पसरला होता. नवीन बांधलेला? तिथला अधीक्षक यंदा ढालीच्या मागे हात धुऊन लागला होता. राज्यभरातले तुरुंग दादांना हाताच्या रेषांसारखे पाठ होते. ते एकेका तुरुंगाच्या दारात जाऊन उभे राहिले, आणि कुठल्याच दारातून सख्ख्या भावाला आत सोडायला त्यांचं मन धजलं नाही.

"चहा ठेवते," थोरली म्हणाली, पण जागची हलली नाही.

वकिलांनी टाळी वाजवली. "हे भावनेचं आपण नंतर बघू. आता शेवटचा प्रवेश. मृताची आई साक्षीदाराला प्रश्न विचारायची परवानगी मागेल, आणि न्यायमूर्ती दयाळू आहेत, ते देतील. बाबा, ती काहीही म्हणाली तरी उत्तर एकच द्यायचं: मला तुमच्या दुःखाची कल्पना आहे. आत्या, उठा. थोडं रडा."

ताई उठली. ती रडली नाही.

तिला मघापासून कसंतरीच होत होतं. आईचं सोंग घ्यायचं म्हणून तिनं मनातल्या मनात त्या बाईची चप्पल पायात घालून पाहिली होती. झिजलेली असणार, इतकी वणवण झालेली. मग तिला वाटलं, ही बाई जबाबदारी वगैरे विचारायला येणारच नाही. लेक घराबाहेर गेला आणि परत आला नाही, तर आई काय विचारते? कुणाला दिसला होता का, एवढंच.

"साहेब," ताई म्हणाली, "माझा मुलगा तुम्हाला भेटला होता का हो?"

"छान, साधा प्रश्न," वकील म्हणाले. "बाबा?"

"मला तुमच्या दुःखाची कल्पना आहे," दादा म्हणाले. "त्याच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी मी स्वतः त्या तुरुंगाची पाहणी केली होती. प्रत्येक बराकीत उभं राहून मी विचारलं, कुणाची काही तक्रार? एकही माणूस बोलला नाही."

"विचारलंत तेव्हा शेजारी कोण होतं?"

"अधीक्षक. शिपाई. नियमानुसार."

"तो कुठे उभा होता?"

"दुसऱ्या रांगेत. भिंतीकडून—" दादा थांबले.

वकिलांनी खुर्चीतून मान पुढे काढली. "बाबा, 'मला व्यक्तिशः आठवत नाही' असं ठरलंय आपलं."

"हो. मला व्यक्तिशः आठवत नाही."

ताई काहीच बोलली नाही. आता, प्रवचनांना नेमानं जाणाऱ्याला हे ठाऊक असतं: गोष्ट सांगता सांगता प्रवचनकार गाण्यावर येतात, त्याच्या आधी ते एक श्वासभर थांबतात. वाद्यं थांबतात, सभागृह थांबतं, आणि त्या श्वासात जो तो आपापलं आठवतो. ताई आयुष्यभर गाण्यासाठी जात होती की त्या श्वासासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं. आज तिनं तसा श्वास धरला. मुद्दाम नव्हे, तिला खरंच पुढे काय विचारावं सुचेना.

दादांना ते सहन होईना. ताईसमोर गप्प राहणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. अण्णांपासून लपवलेलं सगळं ते लहानपणी हिच्याच कुशीत ओकत आले होते.

"बोटांना निळा रंग लागलेला होता," ते म्हणाले. "कोठड्यांचे आकडे रंगवायला दिले होते त्याला. निळ्या रंगात."

"मागच्या रांगेतल्या माणसाची बोटं दिसली तुला?"

"हात वर केला होता त्यानं."

"तालमीत बोललेलं साक्षीत धरत नाहीत," वकील आधी सावरले. "कुणी काही ऐकलेलं नाही."

"हात वर केला म्हणजे?" थोरली म्हणाली. "डोकं खाजवत असेल."

"किंवा असं म्हणता येईल," वकिलांची हुशारी धावू लागली, "की मागच्या रांगेत एक सर्वसाधारण शारीरिक हालचाल निदर्शनास आली—"

"जावईबापू, जरा थांबा." दादा खाली बसले. साक्षीदारानं बसायचं नसतं हे कुणी त्यांना सांगितलं नाही. "मला वाटलं, पांघरूण वगैरे मागत असेल. बाहेर गाडी उभी होती. मंत्र्यांचा सारखा फोन येत होता, ढालीच्या समारंभाबद्दल. आणि ताई, नोकरीला लागल्यापासून मी तो प्रश्न विचारत आलोय, पण हात वर करून उत्तर द्यायला निघालेलं कुणी आजवर पाहिलं नव्हतं. असं झालं तर काय करायचं हेच मला ठाऊक नव्हतं. मी बाळकडे बघून म्हटलं, तुमचं तुम्ही बघा. आणि पुढे गेलो."

धाकटी ताडकन उठली. तिच्या डोळ्यांत चमक आली होती. "ऐकलंत? यांनी पाहिलं होतं! म्हणजे वरपर्यंत माहीत होतं. उद्या हेच सांगायचं. स्थानिक पातळी म्हणे!"

"खाली बस," बाळ म्हणाला.

"का बसू? तुम्ही वाचताय यात!"

"नाही वाचत." बाळ खरोखरच खाली बघत होता, आणि आता त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. "दादाची गाडी फाटकाबाहेर गेली, आणि मोठा शिपाई माझ्याकडे आला. म्हणाला, साहेबांसमोर हात वर केला त्यानं, यंदाची ढाल गेलीच समजा. याचं काय करायचं? मी जेवायला निघालो होतो." त्यानं मिशीवरून हात फिरवला. "मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघा."

धाकटी मागच्या कोचावर बसली.

"आणि त्यांनी बघितलं," बाळ म्हणाला.

"मला सांगितलं नाहीत," धाकटीचा आवाज चिरकला. बातम्या वाचताना तो कधी चिरकत नसे. "दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाचली ती बातमी. कोठडीत घसरून पडल्यानं मृत्यू. सगळ्या राज्यानं माझ्या तोंडून ऐकलं. आणि तुम्ही तेव्हा घरी दाढी करत होतात."

"आवाज छान लागला होता तुझा," बाळ म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून त्यानं तोंड झाकून घेतलं.

थोरलीनं तोवर हिशेब मांडला होता. धाकटी लग्न होऊन या घरात आल्यापासून दोघींचं कशावरही पटलं नव्हतं. आता थोरली तिच्याशेजारी जाऊन बसली आणि तिचा हात हातात घेतला. "अगं, बघ. यांचं बाहेर आलं की त्यांचंही येतं. दोघंही जातील. त्यापेक्षा शिपायांवरच राहू दे ना. शिपाई काय, असतातच तसे."

धाकटीनं हात सोडवून घेतला नाही. जावाजावांना एका कोचावर असं बसलेलं पाहून वकिलांना समाधान वाटलं. "म्हणजे एकमत झालं. सुंदर. आत्या, बसा आता. तालीम संपली."

"माझं उत्तर कुठे मिळालंय?" ताई म्हणाली. ती तशीच उभी होती.

"आत्या, तुम्ही खरी आई नाही."

"नाही ना. म्हणून तर इतकं शांतपणे विचारतेय." मग ती भावाकडे वळली. "दादा, मी तुला राजीनामा दे म्हणत नाही. त्यातलं मला कळत नाही. नैतिक काय आणि बिननैतिक काय, तेही कळत नाही. पण उद्या ती बाई समोर असेल. तिच्या लेकाचा हात कुणाला दिसलाच नाही, असं समजूनच तिनं उरलेले दिवस काढायचे का? दिसला होता, एवढं तरी तिचं आहे. ते तू खिशात घालून घरी येऊ नकोस."

"घर कुठलं, ताई?" थोरली रडवेल्या आवाजात म्हणाली. "हे बोलले तर हे घर राहील का?"

"माझं आहे की. दोन खोल्या आहेत. पाणी गरम येतं."

थोरलीनं हुंदका दिला. तो कशासाठी होता हे तिचं तिलाच कळलं नाही.

दादा बाळकडे बघत होते. अगदी लहानपणीसारखे, काच फुटल्यावर बघायचे तसे. आणि बाळ आत्ता पुढे होईल, सगळं अंगावर घेईल, असं क्षणभर सगळ्यांनाच वाटलं. वकिलांनी तर पेनाचं टोपण काढलं.

"मी माझं सांगेन," बाळ म्हणाला. "तुझं नाही सांगणार, दादा. ते मला येत नाही."

धाकटीनं थोरलीच्या हातातून हात काढून घेतला. उठून ती नवऱ्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. ती रागावलेलीच होती, पण उभी तिथे राहिली.

दादा उठले. खिडकीशी गेले, परत आले. मग ताईसमोर, वकिलांनी दाखवलेल्या जागी, उभे राहिले. "खात्याच्या वतीनं मी—"

"खातं माझ्या लेकाला ओळखत नव्हतं," ताई म्हणाली.

"एकंदर परिस्थिती पाहता—"

"दादा."

"त्यानं हात वर केला." दादा म्हणाले. "मी पाहिला. मी थांबलो नाही."

"पुन्हा म्हण."

"त्यानं हात वर केला. मी पाहिला. मी थांबलो नाही."

"बाबा, हे वाक्य बोललात तर मला उद्या तुमच्या शेजारी बसता येणार नाही," वकील म्हणाले. धमकी म्हणून नव्हे, त्यांना खरंच वाईट वाटत होतं. इतकी देखणी साक्ष त्यांनी आजवर कुणाची बांधली नव्हती.

"मग मागे बसा," दादा म्हणाले. ते अजून ताईकडेच बघत होते. "ताई, आणि ती रडायला लागली तर? मला काय बोलावं ते सुचणार नाही."

"बोलायचं नाही," ताई म्हणाली. तिचे डोळे आता कुठे भरून आले होते. "ती रडेल, ओरडेल, कदाचित अंगावर धावून येईल. लोक तुला म्हणतील, साहेब, चला, पुढचं घ्या. तू उभा राहायचं. तिचं होईपर्यंत तिथून हलायचं नाही."

दादांनी मान हलवली. मग, जणू ते किती वेळ जमतं हे आत्ताच बघायचं असावं, तसे ते बहिणीसमोर हात खाली सोडून उभे राहिले, आणि ताई रडायला लागली.